२०१० सालचा संथ झालेला कॉम्प्युटर लिनक्स टाकून पुन्हा वापरात आणता येईल का?

हो, येईल. तुम्ही लिहिलंय की मशीनमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, विंडोज ७ आहे, सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात आणि दुकानदार भंगारात द्या म्हणतोय. देऊ नका. जवळजवळ असाच डेस्कटॉप आमच्या घरी आहे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. ते त्यावर रोज काहीबाही टाइप करतात, बँकेचं बघतात, संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यगीतं ऐकतात. गेली तीन वर्षं तो लिनक्स मिंटवर चालतोय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार.

पण आधीच सांगते, नुसतं लिनक्स टाकून भागणार नाही. मी पहिल्यांदा तेवढंच केलं होतं आणि फरक पडला तो थोडासाच. कॉम्प्युटर सुरू होताना हजारो बारीक फायली वाचाव्या लागतात. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये हेडला प्रत्येक वेळी सरकून त्या जागी पोचावं लागतं, आणि हे सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा जमतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे तेच काम हजारो वेळा होतं. शिवाय २ जीबी रॅम भरली की उरलेला पसारा डिस्कवरच जातो, म्हणजे जी गोष्ट आधीच संथ तिच्यावरच आणखी ओझं. प्रोसेसर बिचारा बहुतेक वेळ वाट बघत बसलेला असतो. म्हणून साधी २४० जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलला जोडता येणारी) एसएसडी घ्या आणि रॅम निदान ४ जीबी करा. जुनी रॅम रिपेअरिंगच्या दुकानात सेकंडहँड मिळते. आमच्याकडे एसएसडी लावल्यावर पाचेक मिनिटांचं काम मिनिटाच्या आत आलं.

एसएसडी घेण्याचा दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. विंडोज टाकताना ‘सी’ फॉरमॅट करायचा आणि ‘डी’ तसाच राहतो, ही आपल्या सगळ्यांची सवय. मिंट टाकताना ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ असा पर्याय येतो, तो अख्खी डिस्क पुसतो, ‘डी’सकट. माझ्या ओळखीत एका घरचे लग्नाचे सगळे फोटो असेच गेले. म्हणून जुनी हार्ड डिस्क सरळ काढून बाजूला ठेवा. फक्त एसएसडी जोडून मिंट टाका, सगळं नीट चाललं की मग जुनी डिस्क दुसरी म्हणून परत लावा. मिंटला विंडोजच्या फायली वाचता येतात, फोटो जिथल्या तिथे सापडतील. तरी आधी एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढाच.

मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी ‘एक्सएफसीई’ घ्या, ती सगळ्यांत हलकी. सध्याच्या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्येच थांबले, त्यामुळे त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर ते आजपासून बंद करा. मिंटला ६४-बिट प्रोसेसर लागतो. तुमच्या सिस्टीमच्या माहितीत ३२-बिट लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते तिथे टाकलेल्या विंडोजबद्दल असतं. कोअर टू ड्युओ ६४-बिटच आहे.

काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ प्रयोगाला द्या. मिंटची फाइल उतरवून घ्या, रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा आणि बूट मेनूतून, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीतून (बहुतेक बोर्डांवर एफ१२, एफ११ किंवा एफ८), त्यावरून मशीन सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता मिंट समोर येतं. पेनड्राइव्हवरून ते संथच चालेल, वेगावरून मत बनवू नका. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का, प्रिंटर दिसतो का, एवढंच बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच चालतात. काही जुने लेझर प्रिंटर फार छळतात, तेव्हा आपल्या मॉडेलचं आधीच तपासा.

इतक्या जुन्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट हमखास असते: मदरबोर्डवरचा सेल संपलेला. मग दर वेळी तारीख मागे जाते आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक वेबसाइट असुरक्षित म्हणून अडवतो. लोक लिनक्सला दोष देतात, आणि प्रत्यक्षात हवा असतो तो सीआर२०३२चा एक बटण सेल. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळही काढा.

वडिलांच्या मराठी टायपिंगची काळजी तुम्ही लिहिली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू होते. बाबांना तीच मांडणी येत होती, एक दिवसही अडलं नाही. अडचण आली ती युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या त्यांच्या जुन्या फायलींची. त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसायची. जुन्या विंडोजमधल्या फॉन्टच्या फायली मिंटमध्ये आणून टाकल्यावर त्या वाचता आल्या. शिकायला हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे (एमएस ऑफिससारख्या फुकट प्रोग्रॅमचे) मराठीतले धडे आहेत, तेही फुकट.

कुठे अडेल तेही सांगते. घरात कुणी टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम वापरत असेल किंवा डिजिटल सहीचा टोकन लावून सरकारी साइटवर काम करत असेल, तर त्यासाठी विंडोजचं एखादं मशीन हाताशी ठेवा. यूट्यूब ७२० वर ठेवा. १०८० ला अडखळेल, कारण आजचे व्हिडिओ उलगडण्याची सोय त्या काळच्या चिपमध्ये नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर ४ जीबीही पुरणार नाही.

रॅम घेण्याआधी मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर इथे लिहा. त्या वर्षीच्या बोर्डांत डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही असायच्या आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. नंबर कळला की नेमकी कोणती घ्यायची ते सांगते.