नाताळची क्रूझ की एप्रिलमधली? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा ९ वर्षांचा आहे, मुलगी फेब्रुवारीत ३ पूर्ण करेल. नाशिकहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. सगळ्यांनी मिळून फ्लोरिडाहून बहामासला जाणारी डिस्नीची क्रूझ करायचा बेत आहे. मुलाला डिसेंबरची, नाताळच्या सजावटीची बोट हवी आहे. यांचं म्हणणं, एप्रिलची साधी घेऊ, स्वस्त पडेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय करावं?

उत्तर : आधी पैशांचं बोलू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. क्रूझचं भाडं सजावटीवर ठरत नाही, अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतं. डिस्नीच्या बोटींवर सप्टेंबर-ऑक्टोबरात हॅलोविन (भुताखेतांच्या सोंगांचा सण) असतो आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धापासून नाताळपर्यंत ‘व्हेरी मेरीटाइम’ ही नाताळची सजावट. मधल्या मोठ्या दालनातलं झाड, जिंजरब्रेडचं घर, सांताक्लॉज, नाताळच्या कपड्यांतले मिकी-मिनी हे सगळं २ डिसेंबरच्या बोटीवर जसं असतं तसंच २२ डिसेंबरच्या बोटीवर. भाड्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा सण) संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शाळा चालू असतात, तेव्हा बोटी तुलनेने स्वस्त मिळतात. नाताळचा आठवडा वर्षातला सगळ्यात महाग.

एप्रिललाही हेच लागू. मार्चच्या मध्यापासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या राज्यात स्प्रिंग ब्रेक (शाळांची वसंतातली सुट्टी) चालूच असतो, तेव्हा ‘साधी’ बोटसुद्धा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापेक्षा महाग पडू शकते. खरी स्वस्ताई एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. ईस्टर दरवर्षी सरकतो (२०२७ मध्ये २८ मार्चला आहे), म्हणून कॅलेंडर बघूनच तारीख काढा. तुलना करताना बोट तीच, रात्री तेवढ्याच आणि खोलीचा प्रकार तोच धरा, कर मिळवून एकूण रक्कम बघा, त्यात टिप मिळवा. टिप माणशी दर रात्री साधारण १५-१६ डॉलर आणि लहान मुलांचीही लागते. सहा माणसं, चार रात्री म्हणजे सुमारे ३७० डॉलर झाले. जाहिरातीतल्या आकड्यात ते नसतात.

आता तुमच्या घरातलं बघू. तुमच्या बाबतीत निर्णय मुलीच्या वाढदिवसावर फिरतो. बोटीवरचा ओशनियर क्लब हा मुलांचा खेळघर-विभाग ३ पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांसाठी आहे, भाड्यातच येतो आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतो. डिसेंबरमध्ये तिला तिथे घेणार नाहीत. मग उरतं पाळणाघर, त्याला तासावर वेगळे पैसे आणि आधी नोंदणी. पोहण्याच्या तलावाचंही तसंच. डायपर सुटलं नसेल तर स्विम डायपर घालूनही मोठ्या तलावात सोडत नाहीत, फक्त पाण्याचे फवारे असलेल्या छोट्या जागेत खेळता येतं. हा आरोग्याचा नियम आहे, काठावरचा जीवरक्षक तुमचं ऐकणार नाही. त्यामुळे वाढदिवस झाला की लगेच निघायचं असं नाही, डायपर सुटेपर्यंत हाताशी दोन-तीन महिने ठेवा.

दुसरी गोष्ट समुद्राची. फ्लोरिडा आणि बहामास यांच्यामधून गल्फ स्ट्रीम हा प्रवाह जोरात उत्तरेकडे वाहतो. डिसेंबर ते फेब्रुवारी दर थोड्या दिवसांनी थंड हवेचा पट्टा खाली उतरतो आणि त्याच्यामागून उत्तरेचा वारा सुटतो. वारा प्रवाहाच्या समोरून आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, मोठी बोटही हलते. त्याहून मोठी निराशा बेटाची. कॅस्टवे के या डिस्नीच्या बेटावर बोट सरळ धक्क्याला लागते. आडवा वारा जोराचा असेल तर कप्तान तिथे बोट लावतच नाही, आणि तो दिवस समुद्रातच जातो. अशा वेळी बंदराचा कर तेवढा परत मिळतो, भाडं नाही. हिवाळ्यात हे जास्त घडतं. मे महिन्यात असे पट्टे क्वचित येतात. पाणीही डिसेंबरात २४-२५ अंश आणि मेमध्ये २७ च्या आसपास. आकडा किरकोळ वाटेल, पण २४ अंशांच्या पाण्यात लहान मूल दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतं. डिसेंबरात सूर्यही साडेपाचच्या आत मावळतो.

सासूबाईंसाठी बुकिंगच्या आधी बोट कोणत्या बेटावर जाणार ते विचारा. कॅस्टवे केवर धक्क्यापासून किनारा जवळ आहे, पुढे ट्रामही मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लुकआउट के या डिस्नीच्या दुसऱ्या किनाऱ्याचा धक्का सुमारे अर्धा मैल लांब आहे, आणि तो पार केल्यावर ट्राम. उन्हात एवढं चालणं गुडघ्यांना झेपणारं नाही, तिथे जाणार असाल तर चाकाच्या खुर्चीची सोय आधीच नोंदवा. खोली बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यांपैकी आणि लिफ्टजवळ घ्या. बोट टोकांना जास्त हलते, मध्यावर कमी, आणि लांबलचक मार्गिकाही तुडवावी लागत नाही. तुम्ही सहा जण, म्हणजे आतून दार असलेल्या शेजारच्या दोन खोल्या लागतील. अशा जोड्या मोजक्याच असतात आणि त्याच आधी संपतात.

बोट लागण्याच्या गोळ्या अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतात (मेक्लिझिन, २५ मिलिग्रॅम), बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायच्या. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर सासऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि त्यांचा व्हिजिटर विमा बोटीवर व बहामासमध्ये चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी मागून घ्या. बऱ्याच पॉलिसी अमेरिकेच्या किनाऱ्याबाहेर चालत नाहीत आणि बोटीवरच्या डॉक्टरांचं बिल तुमच्या खात्यावर लागतं.

तेव्हा आमचं स्पष्ट मत : या खेपेला एप्रिलअखेर किंवा मे. आजी-आजोबांनाही न्यू जर्सीचा हिवाळा टाळून मार्चनंतर बोलवा, त्यांचाही मुक्काम सुखाचा होईल. मुलाला नाताळची बोट नक्की दाखवा, पण मुलगी चार-पाचची झाल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. सांताला बघून रडणारं मूल आणि सांताशी बोलणारं मूल यांत दोनच वर्षांचं अंतर असतं.

प्रश्न : सप्टेंबरची हॅलोविन क्रूझ फारच स्वस्त दिसते आहे. काही गोम आहे का?

उत्तर : गोम वादळांची. अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातला सगळ्यात जोराचा काळ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. बोट वादळात शिरत नाही, ती वाट बदलते. बहामासऐवजी मेक्सिकोचं कोझुमेल दाखवतील. खरी अडचण बंदर बंद झालं तर होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाच्या वेळी पोर्ट कॅनॅव्हरल हे ऑरलँडोजवळचं बंदर बंद झालं होतं. असं झालं की बोट उशिरा सुटते, किंवा परतीची असेल तर एखादा दिवस समुद्रातच थांबते. सोमवारी कामावर हजर व्हायचंच असेल त्यांनी हा महिना घेऊ नये.

रजा लवचीक असेल, मुलं सहाच्या पुढची असतील आणि बेटापेक्षा बोटीची मजा महत्त्वाची असेल तर जरूर घ्या. पाणी वर्षातलं सगळ्यात उबदार, २९ अंशांपर्यंत. प्रवास विमा मात्र बुकिंगच्या आठवड्यातच काढा. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळासाठी लागू होत नाही. पोशाख आधीच बॅगेत भरा, बोटीवरच्या दुकानात ते महाग पडतात. मुलीची नऊवारी आणि नथ हा पार्टीतला उत्तम पोशाख आहे, फक्त साडी शिवलेली घ्या. पार्टीत उड्या मारताना नेसलेली टिकत नाही. मुलाला मावळा करायचं असेल तर तलवार घरी ठेवा, खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली शस्त्रंही सामानतपासणीत काढून घेतात.

प्रश्न : माझ्याकडे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपला आहे, पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) पुढच्या वर्षापर्यंत आहे. बहामासची क्रूझ चार रात्रींचीच आहे आणि त्याच बंदरात परत येते. चालेल ना?

उत्तर : नाही. कृपया बुकिंग करू नका. स्टॅम्प संपलेला असताना ३० दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे, ती एच आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते. शेजारच्या बेटांची मुभा विद्यार्थी (एफ) आणि एक्स्चेंज (जे) व्हिसावाल्यांना आहे. बहामास हा बेटांचा देश आहे, म्हणजे तिथे पाय ठेवलात की तुमचं परत येणं अडकलं. बोटीतून उतरलो नाही तरी बोट परदेशी बंदराला लागलेली असते, त्यामुळे ती पळवाटही नाही. मित्र गेला होता, त्याला काही विचारलं नाही, असं सांगणारे भेटतील. बहुतेकदा त्या मित्राचा स्टॅम्प चालू असतो किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असतं. सीॲटलहून अलास्काला जाणारी बोट फक्त कॅनडाला टेकते, तो मार्ग सवलतीत बसतो, पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. तरीही वकिलाला विचारूनच पैसे भरा.

घरातल्या इतरांचंही सांगतो. ग्रीन कार्डवाल्यांनी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही न्यावं. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना अशा क्रूझवर जन्मदाखला चालतो, तरी पासपोर्टच काढा. बेटावर कोणी आजारी पडलं आणि विमानाने परतायची वेळ आली तर दाखल्यावर विमानात घेत नाहीत. पाहुण्या आई-वडिलांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे का ते पाहा, आणि बहामासहून परत आल्यावर त्यांची सहा महिन्यांची मुदत नव्याने सुरू होईल असं धरू नका. भारतीय पासपोर्टसाठी बहामासच्या प्रवेशाचा नियम क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

प्रश्न : आमची बोट ६ नोव्हेंबर २०२६ ला, शुक्रवारी पोर्ट कॅनॅव्हरलहून सुटते. नंतर लक्षात आलं की ८ तारखेला लक्ष्मीपूजन आहे! न्यू जर्सीतली मुलांची शाळा शिक्षक परिषदेमुळे बंद असते म्हणून ही तारीख घेतली. बोटीवर पूजा आणि फराळ करता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवारी असतं, आणि ऑरलँडोकडचे लोक त्या दिवसांना ‘जर्सी वीक’ म्हणतात, इतकी गर्दी होते. तारीख सोयीची आहे, एक सोमवारच बुडतो. विमान मात्र गुरुवारचंच घ्या. नूअर्कहून शुक्रवारी सकाळी निघून दुपारी बोट गाठायची जोखीम घेऊ नका. ऑरलँडो विमानतळापासून बंदर सुमारे ४५ मैलांवर आहे आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

पूजा साधी होईल. मेणबत्ती, उदबत्ती, तेलाची पणती यांना पूर्ण बंदी आहे. समुद्रात आगीसारखं संकट नाही, त्यामुळे या नियमाला कोणीही आडवळण शोधू नये. बॅटरीच्या छोट्या पणत्या न्या. खोलीचं दार आणि भिंती लोखंडी असतात, तिथे चुंबक छान चिकटतात. कागदाचं किंवा कापडाचं तोरण घरीच शिवून मागे चार-पाच चपटे चुंबक लावा, दारावर झकास बसतं. चिकटपट्टी किंवा गोंद लावला आणि रंग निघाला तर भरपाई घेतात. रांगोळीचे स्टिकरही याच कारणाने नकोत, पुठ्ठ्यावर काढलेली रांगोळी टेबलावर ठेवा.

घरी केलेल्या चकल्या आणि लाडू बोटीवर नेता येत नाहीत. फक्त कारखान्यात बंद केलेली, न फोडलेली पाकिटं चालतात. दुकानातल्या सीलबंद चिवडा-शंकरपाळ्यांवर भागवा आणि घरचा फराळ परतल्यावर खा. विजेची किटली, इस्त्री, भात लावायचा छोटा कुकर हेही काढून घेतात.

जेवणाची काळजी करू नका, पण सांगण्यात आळस नको. बोटीवर रोज जेवणाचं हॉटेल बदलतं, वाढपी मात्र तेच तुमच्याबरोबर फिरतात. बुकिंगमध्ये आहार नोंदवा आणि पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला बोलावून सांगा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, त्यात अंडं येतं आणि सूपला चिकनचं पाणीही असू शकतं. मांस, मासे, अंडं, जिलेटिन यांतलं काय चालतं आणि काय नाही, एकेक नाव घ्या. भारतीय भाजी, वरण, भात हवं असेल तर आदल्या रात्री मागा. स्वयंपाकघराला एवढा वेळ दिला की दुसऱ्या दिवशी बहुधा गरम ताट समोर येतं. ८ तारखेचं गोड काय हवं, तेही ७ च्या रात्रीच सांगून ठेवा.