वाचकांचे प्रश्न : दोरा तुटतो की गाठ सुटते?

प्रश्न : मुरबाडजवळ माझ्या सासुरवाडीच्या शेततळ्यात रोहू आणि कटला सोडलेले आहेत. गेल्या महिन्यात सात फुटी काठी, मध्यम आकाराचे रीळ आणि ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगुसाचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोरा घेऊन मी तेथे दोनदा गरवायला बसलो. दोन्ही वेळा मोठा मासा लागला, थोडी ओढाताण झाली आणि गळाविना मोकळा दोरा हाती आला. त्याचे टोक स्प्रिंगसारखे वळलेले होते. दुकानदाराच्या मते मी विणीचा, म्हणजे ब्रेडेड दोरा आणि भारी काठी घ्यायला हवी. घ्यावी का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : इतक्यात खिशात हात घालू नये. दोऱ्याचे टोक स्प्रिंगसारखे वळले होते, हे आपण जाता जाता लिहिले आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे. दोरा दगडाला किंवा कडेला घासून तुटला, तर टोक खरखरीत होते आणि शेवटचा वीतभर भाग चिमटीतून ओढल्यास नखाला चरे लागतात. टोक वेटोळे होऊन आले, तर बहुधा दोरा तुटलेला नसतो, गाठ सरकून सुटलेली असते आणि गाठीतले वळसे त्यावर तसेच उमटलेले असतात. आपल्या जाडीचा दोरा साधारण आठ किलो ताण सोसतो; तो दोन किलोच्या माशाने पळवला, तर त्याचे कारण काठीत शोधू नये.

गळ बांधण्यासाठी ‘पालोमार’ ही गाठ नवशिक्यास सर्वांत भरवशाची आहे, कारण तिच्या पायऱ्या मोजक्याच आहेत आणि ती चुकली तर लगेच दिसते. टोकाकडचा वीतभर दोरा दुमडून दुहेरी करावा आणि तो दुहेरी पदर गळाच्या नेढ्यातून ओवावा. गळ मध्ये लोंबता ठेवून त्या दुहेरी पदराची साधी, सैल गाठ मारावी. मग पुढे उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करावा आणि फास नेढ्याच्या वरच्या बाजूस येऊ द्यावा. येथवर सर्वांचे बरोबर येते, चूक होते ती पुढे. गाठ कोरडी आवळली की नायलॉन नायलॉनवर घासून तापते आणि ज्या जागी ताण बसायचा, नेमकी तीच जागा कमकुवत होते. म्हणून गाठ आधी पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी, मूळ दोरा व टोक एकत्र धरून सावकाश ओढावी आणि सुटे टोक तीन-चार मिलिमीटर राखून कापावे. नंतर गळ पकडीत धरून एकदा जोर लावून पाहावा. गाठ सुटायचीच असेल, तर ती घरी सुटलेली बरी.

दुसरी गोष्ट रिळाच्या ड्रॅगची. मासा पळू लागला की ठरावीक ताणानंतर रीळ आपण होऊन दोरा सोडते. तो ताण दोऱ्याच्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असावा. आपला दोरा आठ किलोचा धरला, तर दोन किलो पुरे. हे मोजायला वजनकाट्याची गरज नाही. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोऱ्याला बांधावी, काठीचे टोक सरळ खाली, बाटलीच्या रोखाने धरावे आणि बाटली जमिनीवरून हलकेच उचलावी. रीळ किरकिरत दोरा सोडू लागेल, इतपतच ड्रॅग आवळावा. मी हे इमारतीच्या जिन्यात करतो आणि शेजारच्यांना आता त्याचे नवल वाटत नाही. प्रत्यक्ष झुंजीत काठी वाकलेली असते, दोरा कड्यांवर घासतो आणि ताण आणखी वाढतो, त्यामुळे ‘थोडा जास्त आवळू’ हा मोह टाळावा. रीळ दोरा सोडत असताना मूठ फिरवत राहू नये; त्याने मासा तसूभरही जवळ येत नाही, दोऱ्याला मात्र पीळ पडतो. काठी सावकाश वर घ्यावी आणि खाली आणताना दोरा गुंडाळावा. घरी परतल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात.

विणीचा दोरा वाईट नाही. तो त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असतो आणि जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून लांबवर लागलेला हलका टोचाही हाताला कळतो. पण हा न ताणण्याचा गुणच नवख्याच्या मुळावर येतो. तंगूस रबरासारखा थोडा लांबून माशाचा पहिला हिसका पोटात घेतो. विणीच्या दोऱ्याने तो हिसका थेट गाठीवर आणि माशाच्या ओठावर बसतो. आपण यंदा तंगुसावरच राहावे. मात्र तो वर्षाकाठी बदलावा, कारण उन्हाने तो ठिसूळ होतो आणि तसे झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : गळाचे नंबर कसे वाचायचे? रोहू आणि कटला यांना एकच आमिष चालते का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : साधा आकडा जितका मोठा, तितका गळ लहान; म्हणजे १० नंबरपेक्षा ४ नंबरचा गळ मोठा. १ नंबरनंतर मोजणी उलटते आणि १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. दोन-तीन किलोच्या रोहूला ६ किंवा ४ नंबर पुरतो.

आमिषापेक्षा ते किती खोल आहे, ते महत्त्वाचे. आणि ते माशाच्या तोंडावरूनच कळते. कटल्याचे तोंड रुंद आणि वर वळलेले असते, कारण तो वरच्या थरात चरतो. रोहूचा खालचा ओठ झालरीसारखा असून तो मधल्या पाण्यात वावरतो. मृगळ तळाशी खातो. त्यामुळे कणीक आणि भाजलेल्या बेसनाचा तोच गोळा बुचाखाली, म्हणजे दोऱ्यावरच्या तरंगत्या खुणेखाली, दोन हातांवर ठेवला तर कटला आणि बराच खाली सोडला तर रोहू येण्याचा संभव अधिक. गोळा बोरापेक्षा मोठा नसावा आणि गळाचे टोक त्यात गाडले जाऊ नये. शेंगदाण्याची पेंड व कोंडा यांचा चारा मूठभरच टाकावा. घमेलेभर टाकल्यास मासे त्यावरच पोट भरतात आणि आपला गोळा तसाच राहतो.

प्रश्न : हवा भरायची दोन माणसांची होडी घेऊन मोरबे धरणावर जाण्याचा आमचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : मोरब्याचा विचार सोडून द्यावा. खालापूर तालुक्यातील हे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि आपल्या घरच्या नळाला त्याचेच पाणी येते. ती हौसेची जागा नव्हे. इतर जलाशयांवरही मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्यावी. खाजगी तलावाच्या मालकाने होकार दिला, तर मात्र होडी उपयोगी पडेल.

होडी घेताना हवेचे कप्पे किमान दोन व स्वतंत्र आहेत ना, हे पाहावे. सकाळी गारव्यात ठासून हवा भरलेली होडी दुपारी काठावर उन्हात ठेवली की आतली हवा प्रसरण पावून शिवण उसवते. म्हणून थोडी हवा सोडावी. नांगराचा दोर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेलाच बांधावा. बाजूला बांधल्यास वाऱ्याची लाट आडवी येऊन होडी कलंडते. उभे राहून गळ फेकू नये. तरंगायच्या जाकिटावर (लाइफ जॅकेटवर) ५० न्यूटन, म्हणजे तरंगवून धरण्याच्या जोराचे माप, लिहिले असेल, तर ते पोहणाऱ्याला केवळ आधार देण्यापुरते असते. पोहता येत नसल्यास किमान १०० न्यूटनचे घ्यावे आणि ते बसण्याखाली न ठेवता अंगात घालावे. हे शेवटचे वाक्य मी दरवर्षी लिहितो.

प्रश्न : शहापूरकडे गळाला मऊ पाठीचे कासव लागले. आम्ही घाबरून दोरा कापला. योग्य केले का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : बऱ्याच अंशी. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी आणणे हा गुन्हा आहे. दोऱ्याने लोंबकळवत वर ओढू नये, हातजाळीत घ्यावे. त्याची मान लांब असते आणि चावा कडकडून बसतो, म्हणून कवच मागच्या बाजूने धरावे. गळ ओठालाच असेल, तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून मोडावा आणि गळ मागे घ्यावा. तो घशात गेला असेल, तर ओढू नये. फूटभर दोरा बाहेर राखून कापावा, म्हणजे पशुवैद्यास गळाचा माग काढता येतो. त्यानंतर ओलसर गोणपाटाने झाकून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.