लॅपटॉपवरचा तानपुरा ‘चट’ करतो तेव्हा

‘काका’ चालेल, ‘सर’ नको. प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला समजला तो आधी मांडतो. आईच्या गाण्याच्या क्लाससाठी तू पायथनमध्ये तानपुरा आणि लेहरा (तालाची आवर्तनं धरायला फिरत राहणारी धून) वाजवणारं सॉफ्टवेअर लिहिलंस. नाशकात गंगापूर रोडच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. आवाज येतो, पण प्रोग्रामची खिडकी सरकवली किंवा पट्टीचा स्लायडर हलवला की मध्येच ‘चट’ होतं. त्यावर तुझी विचारणा अशी: पायथन सोडून सी प्लस प्लस धरू की रस्ट, आवाज कार्डापर्यंत पोचवायला अल्सा वापरू की जॅक की पाइपवायर, रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा सिस्टिमचा गाभा) टाकू का, आणि या सगळ्यातून नोकरीच्या दृष्टीने काही हाती लागेल का.

भाषेचं नंतर बघू, आधी तो ‘चट’. साउंड कार्डाला सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) लागतात आणि ते गठ्ठ्याने मागितले जातात. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर दर ५.३३ मिलिसेकंदांनी तुझ्या कॉलबॅकला, म्हणजे गठ्ठा भरून देणाऱ्या फंक्शनला, हाक येते आणि तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा भरून द्यावा लागतो. पंगतीत पान रिकामं व्हायच्या आत वाढपी यायला हवा, तसंच हे. वाढपी एरवी कितीही चपळ असो, एकदा आत गप्पा मारत थांबला की झालं. कार्ड थांबत नाही, ते रिकामा गठ्ठाच वाजवतं. याला एक्सरन म्हणतात. म्हणून ऑडिओत सरासरी वेगाला फारशी किंमत नाही. हजार वेळा काम एका मिलिसेकंदात झालं आणि एकदा सात लागल्या, तर आईच्या कानाला ती एकच वेळ खटकणार.

यातून एकच नियम निघतो आणि तो सगळ्या ऑडिओ प्रोग्रामिंगचा पाया आहे: ज्या कामाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, ते कॉलबॅकमध्ये करायचं नाही. मेमरी मागणं-सोडणं नाही, म्युटेक्सवर (दुसऱ्याने धरलेल्या कुलपावर) थांबणं नाही, फाइल उघडणं नाही, आणि स्क्रीनवर एक ओळ छापणंसुद्धा नाही. पायथनची अडचण इथे आहे. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच धागा (थ्रेड, प्रोग्राममधली समांतर चालणारी वाट) पायथनचा कोड चालवू शकतो. तू स्लायडर ओढतोस तेव्हा खिडकी रंगवणारा धागा कुलूप धरून बसतो आणि कॉलबॅक दाराबाहेर. तानपुऱ्याचं गणित नमपाय या लायब्ररीने कितीही झटपट केलंस तरी हे दार उघडत नाही.

स्लायडरची किंमत कॉलबॅकपर्यंत न्यायची ती अटॉमिक, म्हणजे कुलपाशिवाय एका झटक्यात वाचता-लिहिता येणाऱ्या, चलातून. एकापेक्षा जास्त गोष्टी पाठवायच्या असतील तर कुलूप नसलेला रिंग बफर वापर, एका बाजूने लिहायचं, दुसऱ्या बाजूने वाचायचं. जॅकच्या लायब्ररीत तो तयार मिळतो.

पण थांब, प्रत्येक ‘चट’ एक्सरनच असेल असं नाही. टर्मिनलमध्ये पाइपवायरसोबत येणारं पीडब्ल्यू-टॉप (pw-top) चालव आणि चुकांचा रकाना बघत स्लायडर हलव. ‘चट’ झालं आणि आकडा वाढला, तर गठ्ठा वेळेत पोचला नाही. आकडा हलला नाही, तर गठ्ठा वेळेतच पोचला होता, तुझी लहरच मध्ये तुटली. आवाजाची पातळी ०.३ वरून एकदम ०.७ वर नेलीस की लहरीला पायरी पडते आणि पायरी ऐकू येते. तिथे नवी किंमत वीस-तीस मिलिसेकंदांत हळूहळू चढवायची. या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. लोक पहिल्याचं औषध दुसऱ्यावर लावत महिने घालवतात.

आणखी एक विचित्र लक्षण सांगून ठेवतो, कारण तानपुरा लिहिणाऱ्याला ते हमखास भेटतं. तानपुरा बंद केला, आवाज विरला, आणि सीपीयूचा आकडा मात्र चढला. विरत जाणाऱ्या तारेचे आकडे इतके सूक्ष्म होतात की प्रोसेसर त्यांच्यासाठी वेगळी, संथ वाट धरतो. अशा आकड्यांना डीनॉर्मल म्हणतात. ते सरळ शून्य धरायला सांगणारी सेटिंग प्रोसेसरमध्ये असते, ती ऑडिओच्या धाग्यात सुरुवातीलाच लावायची.

आता भाषा. माझं मत विचारशील तर आधी फाउस्ट शीक. फ्रान्समधल्या लियाँच्या ग्राम या संगीत संशोधन केंद्रात ती तयार झाली, २००२ पासून आहे, फक्त ध्वनिप्रक्रियेसाठी आहे. तू तारेचं समीकरण लिहायचं, सी प्लस प्लस कोड ती काढून देते, आणि वरचा नियम मोडायची सोयच ठेवत नाही. एलव्ही२ प्लगिनही (दुसऱ्या ऑडिओ प्रोग्रामच्या आत चालणारा तुकडा) तिच्यातून थेट निघतं. सी प्लस प्लस की रस्ट हा वाद त्यानंतर घाल. रस्टचा कम्पायलर मेमरीच्या चुका पकडतो, पण कॉलबॅकमध्ये फाइल उघडलीस तर तोही गप्पच बसतो.

आणि प्लगिनच लिही. अख्खं सॉफ्टवेअर लिहायचा मोह या क्षेत्रात सगळ्यांना होतो. आपला स्वतःचा मिक्सर, आपलं रेकॉर्डिंग, आपली खिडकी. मग वर्षभर साउंड कार्डांची यादी दाखवण्यात जातं आणि तानपुरा राहतो तिथेच. एलव्ही२ प्लगिन केलंस तर कार्ड, सेटिंग जपणं, सगळं आर्डर किंवा कार्ला यांच्यासारखा होस्ट, म्हणजे प्लगिन चालवणारा प्रोग्राम, बघतो; रेकॉर्डिंग आर्डरमध्ये होतं. तू खिडकी दिलीच नाहीस तर स्लायडरसुद्धा तोच काढून देतो. तुझ्याकडे उरतो फक्त आवाज.

आवाजाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तुझ्या वर्णनावरून तू कार्प्लस-स्ट्राँग पद्धत वापरलेली दिसते. १९८३ ची ही पद्धत फार सुंदर आहे: थोडा गोंगाट एका विलंब-रांगेत टाकायचा, फिरवत राहायचा, प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घ्यायची. तार वाजते. पण गिटारची वाजते. आई म्हणते ना, ‘यात जवारी नाही’? बरोबर म्हणते. साध्या तारेत वरचे स्वर (मूळ सुराच्या पटीतले स्वरांश) आधी विरतात आणि आवाज बोथट होत जातो. तानपुऱ्यात तार रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीवर टेकते-सुटते, खालच्या सुताने तो स्पर्श नेमका जुळवलेला असतो, आणि छेडल्यानंतर वरचे स्वर उमलत जातात. ज्या साली नाशकात द. वि. पलुस्कर जन्मले, त्याच १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणा यांवर निबंध लिहून दाखवलं होतं की तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा वरचा स्वर निघूच नये, तिथे छेडूनही तो या वाद्यांत खणखणीत निघतो. म्हणजे सरळ रेषेतलं गणित इथे पुरत नाही. तार घोडीला आपटते ते धरावं लागतं, आणि तिथे तुझ्या जुन्या लॅपटॉपचा घाम निघेल.

तेव्हा पहिल्या आवृत्तीला आईचाच तानपुरा रेकॉर्ड कर. प्रत्येक तार वेगळी, पूर्ण विरेपर्यंत, दोन-चार वेगवेगळ्या छेडण्यांसह. रात्री कर, पंखा आणि फ्रीज बंद ठेवून, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढून. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची १००, १५० ही पटीतली भावंडं खर्जाच्या आसपासच बसतात आणि नंतर काढायला गेलं की तारेचाही थोडा भाग जातो. वाजवताना नमुना लूप करू नकोस, लूपचा सांधा कान पकडतोच. चारही तारा एकमेकींवर विरू देत. एखादी तार पुन्हा छेडली की फक्त तिचाच आधीचा आवाज दहाएक मिलिसेकंदांत खाली आण, बोट टेकल्यावर होतं तसं. पट्टी बदलायला नमुना ताणायचा असेल तर दोन स्वरांपलीकडे नको, तारेबरोबर भोपळ्याचा घुमाराही सरकतो आणि तानपुरा खेळण्यातला वाटू लागतो.

सुराचं गणितही एकदा बघून घे. पंचम मिडीच्या (संगणकातल्या स्वरक्रमांकांच्या पद्धतीच्या) समान अंतरांवर ठेवलास तर तो दीडपटीपेक्षा सुमारे दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. कागदावर ही चिल्लर आहे. पण काळी एक, म्हणजे १३८.५९ हर्ट्झचा षड्ज धर. षड्जाचा तिसरा स्वरांश आणि मंद्र पंचमाचा चौथा यांत जवळपास अर्ध्या हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे सुमारे दोन सेकंदांत एक हेलकावा. गाणाऱ्याला तो लगेच कळतो. पंचम ३:२ नेच काढ आणि षड्जाला तानपुऱ्याच्या तारेवरच्या मण्यासारखा बारीक स्लायडर दे. कार्प्लस-स्ट्राँगवर परत आलास तर तिथेही हाच घोळ आहे: १३८.५९ हर्ट्झला ३४६.३४ नमुन्यांचा विलंब लागतो, आणि ३४६ वर कापलास की तार पावणेदोन सेंटने चढली. त्यात सरासरीच्या गाळणीचा स्वतःचा अर्ध्या नमुन्याचा विलंब असतो, तोही वजा करावा लागतो. अपूर्णांकाचा विलंब कसा करायचा ते फाउस्टच्या लायब्ररीत तयार आहे.

लेहऱ्याला स्लीप (ठरावीक वेळ थांबायची आज्ञा) वापरला आहेस, तो काढून टाक. मात्रा घड्याळावर मोजायच्या नाहीत, नमुन्यांवर मोजायच्या. लय ७० असेल तर एक मात्रा ४१,१४२.८५७ नमुन्यांची होते. दर वेळी अपूर्णांक टाकून दिलास तर तासाभरात लेहरा ७५ मिलिसेकंद पुढे पळतो. एकटाच वाजत असेल तर हरकत नाही, पण दुसऱ्या फोनवर ठेका लावला की समेवर दोघांचं भांडण. एकूण किती मात्रा झाल्या त्यावरून पुढची जागा नव्याने काढ, म्हणजे चूक साठत नाही.

बाकीचं थोडक्यात. अल्सा हा कर्नलमधला पाया आहे, त्याच्याशी थेट बोलायची तुला गरज नाही. जॅक पॉल डेव्हिस यांनी आर्डर या आपल्याच रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या गरजेतून लिहिला. पाइपवायर विम टायमान्स यांचा. फेडोरा या लिनक्सने २०२१ मध्ये तो मुळातच चालू करून द्यायला सुरुवात केली, मग उबुंटूने २२.१० या आवृत्तीत. तुझं मिंट २२ असेल तर तुझ्याकडेही तोच आहे. पाइपवायर जॅकची भाषा बोलतो, म्हणून प्लगिनऐवजी स्वतंत्र प्रोग्रामच करायचा हट्ट असेल तर जॅकच्या एपीआयवर लिही, दोन्हीकडे चालेल.

रिअल-टाइम कर्नल नको. त्याचं काम वीसेक वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर चाललं आणि २०२४ मध्ये ६.१२ पासून ते आत आलं, त्यामुळे आता त्याचा बोलबाला आहे. पण तानपुरा कोणाला उत्तर देत नाही, तो आपला वाजत राहतो. गठ्ठा १०२४ चा कर, २१ मिलिसेकंद मिळतील, आईला फरक कळणारसुद्धा नाही. माइकमध्ये गाऊन स्वतःचाच आवाज लॅपटॉपमधून हेडफोनवर ऐकायचा असेल तेव्हा ६४ किंवा १२८ कडे जावं लागतं. तेव्हाही आधी आपला युजर ऑडिओ ग्रुपमध्ये आहे का, प्रोसेसर वीज वाचवायच्या मोडमध्ये तर नाही ना, हे बघ.

नोकरीचं खरं सांगायचं तर नाशकात ऑडिओ सॉफ्टवेअरचं काम मागायला जाशील तर दारं फार थोडी आहेत. पण ठरलेल्या वेळेत उत्तर दिलंच पाहिजे हा नियम सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या कंट्रोलरमध्येही असतो. मी दिवसा तेच करतो, आणि मुलाखतीला आलेल्या मुलाने कॉलबॅकमध्ये मेमरी का मागायची नाही हे नीट सांगितलं तर माझे कान टवकारतात. मुक्त सॉफ्टवेअरमधून पैसा येतच नाही असंही नाही. आर्डरचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळा आहे, तयार बांधलेली प्रत मात्र पैसे देऊन घ्यायची, आणि त्यावर डेव्हिस वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. गूगलच्या समर ऑफ कोडमध्ये (मानधन देऊन मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला लावणारा उपक्रम) स्वरलेखनाचं म्यूझस्कोअर आणि ध्वनिसंपादनाचं ऑडॅसिटी राहिलेले आहेत, तिथे अर्ज करण्याआधी त्या प्रकल्पात एखादी छोटी दुरुस्ती स्वीकारली गेलेली असावी.

आणि कोडच द्यायला हवा असं कुठे आहे? हायड्रोजन या ड्रम मशीनसाठी नाशिक ढोलाचा मनासारखा, मोकळ्या परवान्याचा संच मला अजून मिळालेला नाही. पाश्चात्त्य ड्रमकिट हवे तेवढे आहेत. टिपरूचा ठोका, दुसऱ्या पानावरची थाप, ताशाच्या काड्या, प्रत्येकी हळूपासून जोरापर्यंत चार-पाच पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला तीन-चार वेगळे ठोके, म्हणजे एकच ठोका पुन्हापुन्हा वाजल्यासारखं यांत्रिक वाटणार नाही. वादकाची लेखी परवानगी घेऊन सीसी-झिरोखाली, म्हणजे सगळे हक्क सोडून, द्यायचं. माइक लांब आणि मैदान मोकळं हवं, खोलीत ढोल कोंदतो. हे करायचं तर पाऊस सुरू व्हायच्या आत. चामड्याचं पान ओलाव्याने उतरतं, आणि एकदा गणपतीची तालीम सुरू झाली की पथकातलं कोणी तुझ्यासाठी एकेक ठोका वाजवत बसणार नाही. माझ्याकडे दोन माइक आणि एक यूएसबी कार्ड आहे, लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतं. रविवार सोयीचा.