ऑफिसमध्ये मी ख्रिस्ती आहे हे सांगायची लाज वाटते, लोक लांब जातील अशी भीती वाटते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की आडनाव मराठी असल्यामुळे ऑफिसात सगळे तुम्हाला हिंदूच समजतात, तुम्हीही कधी काही बोलला नाहीत आणि आता इतक्या उशिरा कसं सांगायचं. मीपण इंदूरचीच, मराठी ख्रिस्ती, शाळेत शिकवते. आपलं नाव, भाषा, सकाळचे पोहे सगळं बाकीच्यांसारखंच, त्यामुळे गप्प राहिलं की लोक धरूनच चालतात, खोटं बोलावंही लागत नाही. पण मनाला ते खात राहतं, म्हणून तर तुम्ही विचारलंत.

मला वाटतं मुद्दाम जाहीर करायची काही गरज नाही, कोणी विचारलं की खरं सांगायचं, बस. सोमवारी कोणी म्हणालं "संडे को दिखी नहीं?" तर "चर्च गई थी" म्हणा आणि पुढचं बोलणं चालू ठेवा. दबक्या आवाजात सांगितलं तर समोरच्यालाही वाटतं काहीतरी लपवण्यासारखं आहे.

खरी परीक्षा सणावाराला असते. रामबागेतली माझी एक मैत्रीण दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावते आणि मी जाते, छान साडी नेसून. पहिल्या वेळी दारातच तिला बाजूला घेऊन सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, हळदकुंकू लावून घेणार नाही पण तिळगूळ हवाय आणि गप्पापण. ती जरा थबकली, मग म्हणाली अगं चल आत. तिच्या सासूबाईंना मात्र नाही आवडलं, त्या आजही तुटकच बोलतात. मी त्यांची तब्येत विचारते आणि ते तुटक उत्तर ऐकून घेते, म्हणजे सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. प्रसादाचं म्हणाल तर आपल्या मंडळीत घराघराची रीत वेगळी आहे, बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात यावरच लिहिलंय, ते वाचून स्वतःचं ठरवा. फक्त घेऊन गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवू नका, नको असेल तर हात जोडून नको म्हणा.

भीती वाटते म्हणून स्वतःला कमी लेखू नका हो. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम हा परूशी, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांपैकी एक, रात्री येशूकडे येतो, आणि प्रभूनं त्याला "दिवसा ये" म्हणून परत नाही पाठवलं, नव्या जन्माची एवढी मोठी गोष्ट त्याच रात्री सांगितली. मग सातव्या अध्यायात तोच परूशांमध्ये बसून एकच वाक्य बोलतो, की ऐकून घेतल्याशिवाय माणसाला दोषी कसं ठरवता, आणि टोमणा खातो. आणि वधस्तंभानंतर, बहुतेक शिष्य पांगलेले असताना, तोच जवळजवळ शंभर रत्तल गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं येशूच्या देहासाठी घेऊन येतो, आता सगळ्यांना दिसतंय याची पर्वा न करता.

आपल्या मराठीत कवी नारायण वामन टिळक बघा ना. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं वेगळे राहिले, म्हणजे नाकारलं जाणं काय असतं हे त्या घरानं पुरेपूर सोसलं. तरी आडनाव तेच ठेवलं, अभंगही सोडला नाही, आणि आज आपण चर्चमध्ये त्यांची भजनं म्हणतो.

एमपीतल्या कायद्याची धास्ती असेल तर, २०२१ चा कायदा जबरदस्ती, आमिष, फसवणूक अशा मार्गांनी केलेल्या धर्मांतराबद्दल आहे. मी कोण आहे आणि रविवारी कुठे जाते हे सांगणं त्यात येत नाही, आपला धर्म मानण्याचा आणि पाळण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ नं दिलाय. कोणाशी वाद मात्र घालू नका. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेनं, आणि हे लिहिणारा पेत्र म्हणजे अंगणात एका दासीसमोर घाबरून येशूबद्दल "मी त्याला ओळखत नाही" म्हणालेलाच.

या नाताळात डबा भरून करंज्या आणि केक ऑफिसला घेऊन जा. कोणीतरी विचारेलच घरी केलं का, तेव्हा सांगा, हो, आमच्याकडे नाताळ असतो, आणि त्यांना घरीपण बोलवा.