थायलंडला जाऊन राहणं खरंच स्वस्त पडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 51, पुण्यात आयटीत नोकरी, मुलगी कमावती झाली, आई 78 च्या, सध्या भावाकडे. नोकरी सोडून बायकोसोबत थायलंड, व्हिएतनाम किंवा मलेशियात राहायचं म्हणताय आणि महिन्याला 90 हजार रुपयांत दोघांचं भागेल का, असं विचारताय.

आम्ही नोव्हेंबर 2023 पासून उत्तर थायलंडमधल्या चियांग माईत आहोत. त्याआधी 27 वर्षं नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात होतो, मग व्हीआरएस घेतली. उत्पन्न म्हणजे नाशिकच्या दुसऱ्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज आणि म्युच्युअल फंडातून दरमहा काढतो ते. म्हणजे सगळं रुपयात. या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा शब्द हाच आहे, म्हणून आधी लिहितोय.

‘स्वस्त देश’ म्हणून जे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील ते बहुतेक अमेरिकन किंवा जर्मन माणसांनी केलेले असतात. त्यांचं पेन्शन डॉलर-युरोत. पुणेही त्यांना स्वस्तच वाटेल. आम्ही आलो तेव्हा एका बाथला (थायलंडचं चलन) 2.36 च्या आसपास रुपये पडत होते. 2025 सरता सरता तोच आकडा 2.85 वर गेला. इथे दुकानदाराने पाटीवरचा भाव बदललेला नाही, खाव सोइची वाटी (नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स, इथली खासियत) तेव्हाही 60 बाथ होती, आजही आहे. पण मला ती तेव्हा 142 रुपयांना पडायची, आता 171 ला. मी काहीही न करता दोन वर्षांत वीस टक्के महागाई झाली.

आमचा खर्च सांगतो. संतितम भागात एक बेडरूमचा कॉन्डो, भाडं 12,500 बाथ. वीज, पाणी, इंटरनेट मिळून 2,200. भाजी, किराणा आणि बाहेरचं खाणं 15,000. स्कूटर 1,500. आरोग्य विमा दोघांचा महिन्याला 7,000. कपडे, फोन, कुठे तरी दोन दिवस जाऊन येणं, पाहुणे, किरकोळ यात 5,800 जातात. झाले 44,000 बाथ, म्हणजे सव्वा लाख रुपये. पहिल्या वर्षी विमा नव्हता, खाणं थोडं जपून होतं, तेव्हा 38,000 बाथांत भागलं आणि ते 90 हजारच झाले. तुमचा आकडा तिथूनच आला असेल. आज तो पुरणार नाही. नाशिकला स्वतःच्या घरात आमचं 55 हजारांत छान चालायचं आणि त्यात धुणीभांडी, केर-फरशीला बाई होती. इथे तसं काही नाही. कॉन्डोखाली नाणी टाकून चालणारी कपड्यांची मशिनं आहेत, भांडी मी घासतो.

विमा पहिल्या वर्षी का नव्हता? कारण मी शहाणा होतो. भारतातला मेडिक्लेम चालू होता ना. सप्टेंबर 2024 मध्ये बायकोला डेंग्यू झाला, खाजगी रुग्णालयात चार रात्री, बिल 72,000 बाथ, म्हणजे तेव्हाचे एक लाख ऐंशी हजार रुपये. पॉलिसी काढून चष्मा लावून वाचली तर त्यात स्वच्छ लिहिलेलं: उपचार भारतातच. डॉक्टर उत्तम, नर्स रोज सकाळी हात जोडून ‘सावादी खा’ म्हणायची, तक्रार करायला जागा नाही. पैसे मात्र एफडी मोडून दिले.

आता व्हिसा. तुम्ही 51 चे आहात म्हणून निवृत्तीचा मार्ग मोकळा आहे, त्याला पन्नाशी लागते. मी मुंबईच्या थाई वकिलातीतून ‘नॉन-इमिग्रंट ओ’ नावाचा व्हिसा घेतला, तो 90 दिवसांचा, आणि इथे आल्यावर त्याची वर्षाची मुदतवाढ केली. त्यासाठी थाई बँकेत तुमच्या नावावर 8 लाख बाथ लागतात किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न दाखवायला लागतं. आपल्यासारखे लोक पहिलाच पर्याय धरतात. हे पैसे अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात हवेत, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तसेच पडून हवेत आणि त्यानंतरही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. थोडक्यात ते पैसे तुमचे नाहीत असंच समजायचं. व्याज नावापुरतं. मजा अशी की मी जे पैसे ‘अडकले, अडकले’ म्हणून दोन वर्षं कुरकुरत होतो, तेच 18.9 लाख 2025 अखेरच्या भावाने रुपयांत मोजले तर 22.8 लाख होतात. माझ्या हुशारीने निवडलेल्या फंडांपेक्षा बरं काम त्यांनी केलं.

बायको तेव्हा 49 ची होती, म्हणून ती माझ्यावर अवलंबून असलेली पत्नी या नात्याने. तिच्यासाठी वेगळे 8 लाख लागले नाहीत, पण लग्नाच्या दाखल्याने नाकी नऊ आणले. आधी दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई वकिलातीचा, मग थाई भाषांतर, मग त्या भाषांतरावर इथल्या मंत्रालयाचा शिक्का. नाशिक महापालिकेच्या त्या कागदाने माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलाय. निघण्याआधी दोन-तीन महिने या कामाला लागा.

या व्हिसावर काम करता येत नाही, हे नीट लक्षात घ्या. नोकरी पूर्ण न सोडता भारतातल्या किंवा परदेशी कंपनीसाठी लॅपटॉपवरून काम करत राहायचं असेल तर जुलै 2024 पासून डीटीव्ही नावाचा वेगळा व्हिसा आहे. पाच वर्षांचा, दर प्रवेशाला 180 दिवस, आणि 5 लाख बाथांची शिल्लक दाखवायची. तुम्ही आयटीतले आहात, डॉलरमध्ये पैसे देणारं एखादं गिऱ्हाईक जरी मिळालं तरी माझं वरचं सगळं रडगाणं तुम्हाला लागू होत नाही. खरं सांगायचं तर तुम्ही थायलंडला जावं की नाही हे मी या एका गोष्टीवरून ठरवीन.

निघण्याआधी पाठवलेले पैसे एलआरएसखाली जातात, म्हणजे भारतातल्या रहिवाशाने परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली. वर्षाला 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. मी पाठवले तेव्हा मर्यादा 7 लाखांची होती. हा काही खर्च नव्हे, रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. घाई नसेल तर थोडे 31 मार्चच्या आधी पाठवा, थोडे 1 एप्रिलनंतर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

करांचं जे मला उशिरा कळलं ते: भारतात वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात की साधारणपणे तुम्ही अनिवासी. मग साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं, त्यावरच्या व्याजातून सरळ 30 टक्क्यांच्या दराने टीडीएस जातो, आणि तुमच्या फ्लॅटच्या भाडेकरूलाही भाड्यातून टीडीएस कापून भरावा लागतो. आमचे भाडेकरू गंगापूर रोडवर क्लास चालवणारे सज्जन गृहस्थ. त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचा तो फॉर्म आता आमचाच सीए भरतो आणि फी मी देतो. इकडे थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस किंवा त्याहून जास्त राहिलं की तुम्ही इथले करदाते आणि 1 जानेवारी 2024 पासून बाहेरचं उत्पन्न देशात आणलं तर त्यावर कर लागू शकतो. 2024 च्या आधी साठवलेले पैसे त्यात येत नाहीत. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्यासाठीही सीए लागतोच.

दर 90 दिवसांनी इथल्या इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. तुम्ही कुठे राहताय ते घरमालकानेही 24 तासांत कळवायचं असतं. आमची घरमालकीण सत्तरीची आहे, ती ते करते आणि मला फोनवर पावतीचा फोटो आणि एक फुलाचं चित्र पाठवते.

शाकाहारी आहात का ते लिहिलं नाहीत. असाल तर एक शब्द शिकून या: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं, ते दिसलं की आत मासे, मांस, अंडं काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. नुसतं ‘भाज्या द्या’ म्हटलंत तर भाज्याच येतील, पण नाम प्ला घालून, म्हणजे माशाचं पाणी. वर्षातून एकदा नऊ दिवसांचा ‘जे’चा उत्सव असतो, चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस. 2023 आणि 2024 मध्ये तो नेमका आपल्या नवरात्रात आला. बायको घट बसवून खाली उतरली तर अख्खी गल्ली पिवळी. अधिक महिन्याच्या फरकाने कधी कधी चुकतो, 2025 ला महिनाभर पुढे गेला.

भाषेची भीती घालत नाही. सूर जमत नाहीत, ते आमचेही जमलेले नाहीत. पण आहारला आहान, भाषेला फासा, कुत्र्याला सुनाख (आपला शुनक!) म्हणणाऱ्या लोकांत फार परकं वाटत नाही. शहरातल्या लाल शेअर टॅक्सीला रोत देंग म्हणतात, त्यातला रोत म्हणजे रथ. मी रोज तीस बाथांत रथातून बाजारात जातो.

आता जे व्हिडिओत फारसं सांगत नाहीत ते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत इथे धूर असतो. शेतकरी मक्याची ताटं जाळतात, डोंगरावर वणवे लागतात, शेजारच्या देशांतूनही येतो, आणि शहर पडलं खोऱ्यात, त्यामुळे गरम हवेचं झाकण बसतं आणि सगळं आतच राहतं. आमच्या गच्चीतून दोई सुथेपचा डोंगर समोर दिसतो, देवळाच्या सोनेरी कळसासकट. मार्चमध्ये तो डोंगर नसतोच. सूर्य दुपारी चारलासुद्धा कुंकवाच्या टिकलीसारखा, बिनदिक्कत बघता येतो. पहिल्या मार्चमध्ये आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, हवा शुद्ध करायचं यंत्र आणून बसलो, तरी बायकोचा खोकला जाईना. तेव्हापासून फेब्रुवारी अखेरीस नाशिक, गुढीपाडवा, आंबे, आणि पाऊस सुरू झाला की परत. त्या महिन्यांचं इथलं भाडं चालूच असतं, ते वरच्या हिशेबात धरा. घर बघायला याल तर मार्चमध्ये या. डिसेंबरात आलात तर गुलाबी थंडी बघून सही करून टाकाल.

व्हिएतनामला निवृत्तीचा व्हिसाच नाही, 90 दिवसांच्या ई-व्हिसावर ये-जा करत राहावं लागतं. मलेशियाच्या ‘सेकंड होम’ योजनेत 2024 पासून ‘सिल्व्हर’ पायरीलाही दीड लाख डॉलरची ठेव आणि वर घर विकत घ्यायची अट आहे, आपल्याला ती दुरूनच बरी. आणि खरोखर रुपयातच जगायचं असेल तर पोखराचा विचार का करत नाही? 1950 च्या करारामुळे नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि त्यांचा रुपया 1993 पासून आपल्याशी 1.60 ला बांधलेला आहे. माझ्या छातीत जी धडधड दर महिन्याला बाथचा भाव बघताना होते, ती तिथे नाही. थंडी सोसत असती तर आम्ही तिकडेच गेलो असतो.

मग परत का जात नाही, असं विचाराल. बायको म्हणते, सकाळी साडेसहाला बाजारातून गरम सोयादूध आणि तळलेले पावाचे तुकडे आणले की तिचा नाश्ता झाला, आणि संध्याकाळी तिचा गॅस बंद असतो. तीस वर्षांत नाशिकच्या घरात असा एक दिवस नव्हता. यासाठी सव्वा लाख देतोय, देश स्वस्त आहे म्हणून नाही.

आईंबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, म्हणून शेवटी हे लिहितो. गेल्या वर्षी सासरे गेले. फोन आला तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच झाले होते. चियांग माई ते बँकॉक, बँकॉक ते मुंबई, तिथून गाडीने कसारा घाट चढून नाशिक, असे आम्ही 19 तासांनी पोहोचलो. वर्षाची मुदतवाढ घेतलेल्या माणसाला देश सोडण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्यावं लागतं, नाहीतर विमान उडालं की मुदतवाढ रद्द होते आणि आठ लाखांपासून सगळं पुन्हा. आमच्याकडे ते नव्हतं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर त्याची खिडकी आहे, नशीब. तिथे बायको फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिताना थांबली आणि मला विचारलं, माझी जन्मतारीख काय आहे? मी तिच्या पासपोर्टात बघून सांगितली.

एका वेळचं परमिट 1,000 बाथ, कितीही वेळा जा-ये करायचं 3,800. आता आम्ही मुदतवाढीचा शिक्का मिळाला की त्याच दिवशी, त्याच इमारतीत, दोघांची 3,800 वाली परमिटं काढतो. तुम्हीही तेच काढा.