वाचक विचारतात : मिसळीसाठी भिंत ओलांडली, पण ‘घरी ने’ का म्हणाला?

प्रश्न : सर, माझा मुलगा सहावीपासून निवासी शाळेत आहे. शिस्त कडक, निकाल चांगला, म्हणून आम्हीच हौसेने घातला. आठवीपर्यंत एक तक्रार नव्हती. यंदा नववीत गेल्यापासून काहीतरी बिनसलंय. गादीच्या खोळीत मोबाइल सापडला. हाउसमास्तरांना उलटून बोलला. गेल्या महिन्यात दोन मित्रांबरोबर मागच्या भिंतीवरून उडी मारून हायवेवरच्या टपरीवर मिसळ खायला गेला आणि येताना पकडला गेला. ‘पुन्हा असं झालं तर दाखला हातात देऊ’ असं शाळेने आमच्याकडून लिहून घेतलं. ह्यांचं म्हणणं, दोन ठेवून दिल्या की सरळ होईल. मुलाला काही विचारलं की ‘ठीक आहे’ एवढंच. फक्त आम्ही निघताना हळूच म्हणाला, ‘मला घरी ने.’ काढावा की ठेवावा?
— एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. मिसळीची मला फारशी काळजी वाटत नाही. ‘मला घरी ने’ हे मात्र पुढच्या भेटीपर्यंत तसंच ठेवू नका.

आधी मिसळ. मी निवृत्त होईपर्यंत अशाच शाळेच्या आवारात, मुलांच्या शेजारी राहिलो, त्यामुळे तुमच्या मुलाचा दिवस मला तोंडपाठ आहे. पहाटे पाचला घंटा, साडेपाचला मैदानावर पीटी. अंघोळीला रांग, नाश्त्याला रांग. मग शाळा, खेळ, हजेरी, अभ्यासिका, जेवण, पुन्हा अभ्यास आणि दहाला दिवे बंद. केस किती ठेवायचे, पेटीत काय ठेवायचं, पांघरुणाची घडी कशी घालायची, सगळं ठरलेलं. अकरा वर्षांच्या पोराला हे आवडतं. नवा गणवेश, नवे दोस्त, सगळं कसं वेळेवर. चौदा-पंधराव्या वर्षी तेच पोर विचारायला लागतं, ‘ह्यातलं मी ठरवलेलं काय?’

घरी असता तर त्याने दोडक्याची भाजी ताटात टाकली असती, खोलीचं दार आपटलं असतं, रविवारी दहापर्यंत लोळला असता. तुम्ही ओरडला असता आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही असता. हॉस्टेलला आपटायला स्वतःचं दार नसतं. घरी जी कुरबुर ठरली असती, ती तिथे रजिस्टरमध्ये गुन्हा म्हणून चढते आणि आईवडिलांना दोनशे किलोमीटरवरून बोलावणं जातं.

आणखी एका गोष्टीकडे शाळा आणि पालक दोघंही काणाडोळा करतात, ती म्हणजे झोप. वयात येताना शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं. दहाला दिवे गेले तरी डोळा लागत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि पाचला उठणाऱ्याला ती मिळत नाही. पहाटेच्या पीटीला अंगावर येणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. तीच मुलं संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर अतिशय गुणी असायची. ‘मुलगा बिघडला’ म्हणण्याआधी तो किती झोपतो ते विचारा.

आता ‘घरी ने’. निवासी शाळेत दोन राज्यं असतात. दिवसा सरांचं, आणि दिवे गेल्यावर मोठ्या मुलांचं. सीनियरांचे मोजे धुणं, त्यांच्या बाटल्या भरून आणणं, मध्यरात्री उठवून बाथरूमच्या ओल्या फरशीवर कोपरांवर रांगायला लावणं. मुलं ह्याला रगडा म्हणतात, आणि जो सांगेल त्याला चुगलीखोर म्हणून वाळीत टाकतात. ‘ठीक आहे’ हे उत्तर बऱ्याचदा तिथून येतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत असंच घडतंय असं मी म्हणत नाही. पण घडत नाहीये, याची खात्री तुम्हालाच करून घ्यायची आहे.

ती भेटीच्या रविवारी, झाडाखाली सतरंजीवर, शेजारी चार कुटुंबं डबे उघडून बसलेली असताना होणार नाही. आउटपास काढा, त्याला घेऊन बाहेर पडा आणि शेजारी शेजारी चालत बोला. ‘काही त्रास आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ हेच येतं. जेवायला कुणाशेजारी बसतोस? तुझ्याशिवाय आणखी कुणाचे कपडे धुतोस? दिवे गेल्यावर काय होतं? कुठल्या सरांची पाळी असली की बरं वाटतं आणि कुणाची असली की नको वाटतं? मोबाइलवरून तू कुणाला फोन करत होतास? हा शेवटचा प्रश्न त्या दिवशी शाळेत कुणी विचारला होता का, मला शंका आहे. सगळे फोन गेम खेळायला लपवलेले नसतात. अंगावर वळ, अचानक घसरलेले गुण, अंथरूण ओलं होणं, एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होणं, यातलं काही दिसलं तर तारीख न बघता त्याला त्याच दिवशी घरी घेऊन या. पेटी मागाहून आणता येते.

यजमानांना माझा निरोप सांगा, हात उचलू नका. जिथे कुणीतरी सतत हुकूम सोडतंय तिथून मुलगा घराकडे बघतोय, आणि घरीही हातच उगारलेला दिसला तर त्याने जायचं कुठे? शाळेनेही मारायचं नाही, हे कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पण ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने १८ वर्षांखालील मुलाशी क्रूरपणे वागणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे.

याचा अर्थ त्याला पाठीशी घाला असा नाही. रात्री हायवे ओलांडणं जिवावरचं आहे आणि त्याची शिक्षा त्याने भोगावी. चार रविवार बाहेर जाणं बंद, हे योग्यच. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र, ‘फोन मीच दिला होता’ असली सारवासारव करू नका. आपल्यासाठी आई खोटं बोलली हे मुलाला कळतं आणि ते त्याला पेलत नाही.

शाळेत जाल तेव्हा हाउसमास्तरांना फाइल बाजूला ठेवून एकटं भेटा आणि एक मागणी करा, त्याच्या हातात एखादी खरीखुरी गोष्ट द्या. आमच्याकडे ताट सरकवून उठून गेलेल्या एका नववीतल्या मुलाला मेस कमिटीत घेतलं. रविवारी स्वयंपाक्याबरोबर टेम्पोतून बाजारात जायचं, भाजीचा भाव वहीत लिहायचा, आठवड्याचा मेनू ठरवताना बोलायचं. त्याने भांडून बुधवारचा दुधी काढला आणि छोले आणले. उलटून बोलणं काही थांबलं नाही, पण ते आता बैठकीत, सगळ्यांदेखत, हिशोब पुढे ठेवून व्हायला लागलं. शाळेकडून हवं होतं ते हेच.

कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थीदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले आणि परतल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्याचा नियम त्यांनी पाळला नाही. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग काढलं, जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधायची आणि एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. शिस्त तिथेही कडक होती, पण मुलं स्वतः राबून ते घर चालवत होती. मिसळ खाणं आणि अस्पृश्यतेचा नियम मोडणं एक नव्हे, हे मला कळतं. तरीही नियम मोडलेला मुलगा समोर आला की नियम कोणता होता हे मी आधी विचारतो.

काढावा की ठेवावा? भीती असेल तर आजच काढा. नुसता कोंडमारा असेल तर त्याला बसवून सांगा, ‘नववीची परीक्षा होऊ दे, निकालानंतर तू, मी आणि बाबा मिळून ठरवू,’ आणि तो शब्द पाळा. शाळा सीबीएसईची असेल तर निर्णय दहावी सुरू होण्याआधीच घ्या. बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते.

प्रश्न : मी अकरावीत, मुलींच्या वसतिगृहात आहे. रेक्टर मॅडम आम्ही कॉलेजला गेलो की कपाटं उघडतात. माझी डायरी वाचून त्यांनी त्यातलं माझ्या आईला फोनवर सांगितलं. आम्ही पाच जणी रात्री जेवलो नाही, तर ‘बंडखोरी’ म्हणून सगळ्यांच्या पालकांना पत्रं गेली. आमचं चुकलं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही बेटा, चुकलं नाही. पण उपाशी राहू नका, त्याने तुमच्याच अंगातली ताकद जाते. कपाट तपासायचा अधिकार वसतिगृहाला असतो, मात्र ते तुमच्या समोर उघडलं जावं. डायरी वाचणं ही तपासणी नव्हे. मागणी एकच ठेवा, तीही लेखी. वेण्या, रिबिनी, मोबाइलची वेळ हे सगळं त्याच अर्जात कोंबलंत तर बाईंना नाही म्हणणं सोपं जाईल. आईला आधी स्वतः फोन कर आणि डायरीत काय होतं ते तुझ्या तोंडून सांग. फार घुसमटल्यासारखं झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि १८ वर्षांखालील कुणालाही १०९८ वर कधीही मदत मागता येते. अर्जावर पाचही जणींनी सह्या करा, प्राचार्यांच्या कार्यालयात द्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या.