वाचकांचे प्रश्न : स्पर्धेसाठी जुने पिस्तूल घ्यावे का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि गेले दीड वर्ष क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराचा सराव करते आहे. आता तिला स्वतःचे पिस्तूल हवे, असे तिचे प्रशिक्षक म्हणतात. परंतु नवे पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. परिचयातील एक ज्येष्ठ नेमबाज आपली दोन पिस्तुले विकत आहेत. एक १९७०च्या दशकातले फाइनवर्कबाऊ ६५ आहे आणि दुसरे साधारण २००४ सालचे, हवेच्या सिलिंडरवर चालणारे स्टायर एलपी १०. पहिले दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. कोणते घ्यावे, काय तपासावे आणि परवाना लागेल का?
— एक पालक, कराड

उत्तर : परवान्याची चिंता करू नये. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमची गोळी सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटली, तरी तिची ऊर्जा सहा ज्यूलही भरत नाही. तरीही खरेदीची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि पिस्तुलाचा क्रमांक लिहिलेला कागद जपून ठेवावा; स्पर्धेसाठी प्रवास करताना त्यासोबत क्लबचे पत्रही असावे.

फाइनवर्कबाऊ ६५ हे जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावचे पिस्तूल आहे आणि या खेळातल्या जुन्या माणसांना त्याचे नाव काढले तरी बरे वाटते. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची आणि चाप ओढला की नळीसकट वरचा सगळा भाग रुळांवरून मागे सरकून धक्का गिळून टाकतो, अशी त्याची रचना आहे. हवा भरण्याची कटकट नाही, मुदत संपणारे सिलिंडर नाही, आणि नळी सांभाळलेली असेल तर अचूकतेच्या बाबतीत ते आजही लाजवणार नाही. नियमांतही ते बसते. तरीसुद्धा आपल्या मुलीसाठी मी ते सुचवणार नाही. ६० गोळ्यांच्या सामन्यात, सराव फैरी धरून, त्या दांड्याशी साठाहून अधिक वेळा झटापट करावी लागते, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा हात चाळिसाव्या गोळीनंतर थकू लागला की त्याचा हिशेब निशाणपत्रावर उतरतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पिस्तुलाचा निम्मा सराव घरी, गोळी न घालता, रिकामा चाप ओढूनच होतो. स्प्रिंगच्या पिस्तुलात गोळीविना चाप ओढला की पिस्टन पुढे जाऊन आदळतो आणि आतले भाग खराब होतात. एलपी १०मध्ये अशा सरावाची सोय मुळातच आहे.

म्हणून माझे मत एलपी १०कडे झुकते, मात्र त्याची किंमत ठरवताना सोबतचे सिलिंडर जमेस धरू नये. ॲल्युमिनियमच्या बहुतेक सिलिंडरांना निर्मितीपासून दहा वर्षांची मुदत असते आणि निर्मितीची तारीख त्याच्या अंगावरच कोरलेली असते. सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवरच टाकली आहे, त्यामुळे उपकरण-तपासणीच्या टेबलावर ‘हे आधीच्या मालकाचे आहे’ हे उत्तर चालत नाही. मी स्वतः एकदा पिस्तुलाच्या देखणेपणावर भाळून तारीख न बघता सौदा केला आणि नंतर केवळ सिलिंडरपायी एक हंगाम उसन्या पिस्तुलावर काढला. तेव्हा आधी नव्या सिलिंडरची आणि हवा भरण्याच्या अडॅप्टरची किंमत विचारून घ्यावी (अडॅप्टरचे आटे कंपनीगणिक वेगळे असतात) आणि तेवढी रक्कम मागितलेल्या भावातून वजा करून मगच बोलणी करावीत.

तपासणीसाठी पिस्तूल दोन दिवस क्लबच्या रेंजवर ठेवायला मागावे. क्लबचे मुदतीतले सिलिंडर जोडून मापकावरचा दाब टिपावा आणि ते रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठले तरी सील गेले आहे. सील बदलता येते, त्यामुळे तेवढ्यावरून व्यवहार मोडू नये. त्यानंतर पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवर दहा गोळ्या झाडाव्यात. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, आणि चांगल्या नळीच्या दहाही गोळ्या त्याच्या आत एकमेकींत मिसळून एकच फाटके भोक पाडतात. दुसऱ्या बनावटीच्या गोळ्याही विखुरल्या, तर मात्र हात जोडून परत यावे.

चापाची परीक्षा सोपी आहे. पिस्तूल सज्ज करून नळी सरळ वर धरावी, जमिनीवरचे ५०० ग्रॅमचे वजन चापाला अडकवावे आणि हळूहळू उचलावे. चाप न सुटता वजन उचलले गेले पाहिजे. जुन्या मालकांना चाप हलका करण्याची फार हौस असते आणि ती हौस नव्या मालकाला पहिल्याच स्पर्धेत महागात पडते.

राहिली ग्रिप, आणि इथेच पालकांची नजर चुकते. पन्नाशीच्या पुरुषाच्या पंजासाठी तासलेली, वर लांबी (पुट्टी) किंवा एम-सील थापून बसवलेली ग्रिप आपल्या मुलीच्या हातात खडखडणार. तर्जनी चापापर्यंत ताण न घेता पोहोचते का आणि डोळे मिटून हात उचलल्यावर पुढची साइट मागच्या खाचेत आपसूक मधोमध येते का, हे तिलाच पाहू द्यावे. ग्रिप मनगटाला आधार देत असेल तर ती नियमबाह्य ठरते, त्यामुळे थापलेला भाग मनगटापर्यंत आला असल्यास तो कापावाच लागेल. लहान मापाची नवी ग्रिप मिळते. तोही खर्च भावातून वजा करावा.

प्रश्न : मी २५ मीटर प्रकारासाठी एका नेमबाजाकडून .२२ चे जुने हॅमर्ली २०८ घेऊ इच्छितो. ते घरी आणून मग परवान्याचा अर्ज करता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अजिबात नाही. हे अग्निशस्त्र आहे, त्यामुळे आधी आपला परवाना आणि मग पिस्तूल. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार विकणाऱ्या परवानाधारकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. पिस्तूल म्हणाल तर ते उत्तमच आहे. मात्र त्याचे उत्पादन थांबलेले असल्याने मूळ मॅगझिन किमान दोन तरी सोबत मिळत असतील, तरच घ्यावे. या प्रकारात चाप १००० ग्रॅमचे वजन पेलणारा हवा, हेही तिथेच तपासावे.